राजाश्रय आणि लोकाश्रय : पार्माच्या फुटबॉल संघाचा इतिहास

फेब्रुवारी २०१५ मधील एका रविवारी उत्तर इटलीतील पार्मा नगराच्या फुटबॉल मैदानाचे दरवाजे उघडलेच नाहीत. त्या दिवशी उदिनेच्या संघाशी सामना व्हावयाचा होता. परंतु बंदोबस्ताचा आणि पहारेकऱ्यांच्या मजुरीचा खर्च भागविण्याइतकीही रोकड यजमान संघाच्या तिजोरीत शिल्लक नसल्यामुळे तो तहकूब करावा लागला. कोणा चाहत्याने बंद दरवाजावर एक कागद डकवून ठेवला होता आणि त्यावर लिहिले होते : ‘दरोड्यामुळे बंद’. ज्या संघाने १९९९ साली मॉस्कोच्या मैदानावर युएफा चषक जिंकला होता, ज्याच्या अंगणात जानलुइजी बुफोनसारखा गोलरक्षक लहानाचा मोठा झाला होता, त्या संघाच्या खेळाडूंना आदल्या उन्हाळ्यापासून वेतन मिळालेले नव्हते आणि कपडे बदलण्याच्या खोलीतील बाकांवरसुद्धा जप्तीची पाळी आली होती.

वैभव आणि विपत्ती यांमधील हे अंतर इतक्या अल्प काळात कसे काटले गेले, याचे उत्तर शोधू लागले की एका व्यापक प्रश्नाशी येऊन थांबावे लागते. महानगराचा संघ लोकसंख्येच्या, उद्योगधंद्यांच्या आणि दूरदूरच्या चाहत्यांच्या बळावर उभा असतो. परंतु दोन लाख वस्तीच्या नगराने कशाच्या आधारावर उभे राहावे? आपल्याकडे संगीत आणि नाट्यकला यांचा विचार करताना राजाश्रय व लोकाश्रय ही जोडी नेहमी येते. पार्माच्या संघाचा शतकाहून मोठा इतिहास या जोडीच्या प्रकाशात वाचल्यास त्यातील चढउतारांची संगती लागते, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

प्रथम या प्रश्नाची इटालियन पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. तिथल्या फुटबॉलच्या आरंभकाळात लहान नगरे मुळीच दुबळी नव्हती. भातशेतीच्या मुलखातील व्हेर्चेल्ली या गावाच्या प्रो व्हेर्चेल्ली संघाने १९०८ ते १९२२ या काळात सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि शेजारच्या कासालेने १९१४ साली ते पटकावले. परंतु खेळ व्यावसायिक झाला, खेळाडूंची खरेदी-विक्री लाखोंच्या घरात गेली आणि तुरिन व मिलान येथील धनाढ्य संघांची सत्ता दृढ झाली. त्यानंतर सार्डिनिया बेटावरील काल्यारीने १९७० साली आणि व्हेरोनाने १९८५ साली ही सत्ता एकेकदा मोडून काढली. व्हिचेन्झा १९७८ मध्ये आणि पेरुजा १९७९ मध्ये, तेही एकही सामना न हरता, दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. व्हेरोनानंतर आजतागायत एकाही प्रांतीय नगराला अजिंक्यपद लाभलेले नाही. पार्मालाही ते कधी मिळाले नाही. मात्र १९९२ ते २००२ या एका दशकात त्याने जे आठ मोठे चषक जिंकले, त्यांपैकी चार युरोपीय होते आणि या बाबतीत इटलीतील दुसरा कोणताही प्रांतीय संघ त्याच्या जवळपास येत नाही.

पार्मा हे पूर्वीचे राजधानीचे नगर. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून इटलीच्या एकीकरणापर्यंत तिथे ड्यूकांचा अंमल होता. फार्नेझे घराण्यामागून बूर्बों आले आणि नेपोलियनच्या पतनानंतर त्याची द्वितीय पत्नी मारी लुईझ हिने तिथे मरेपर्यंत राज्य केले. फार्नेझे ड्यूकाने १६१८ साली राजवाड्यात उभारलेले लाकडी नाट्यगृह १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि युद्धानंतर जुन्या आराखड्याबरहुकूम पुन्हा बांधले गेले. मारी लुईझच्या कारकिर्दीत १८२९ साली उघडलेल्या राजनाट्यगृहाची ख्याती मात्र वेगळ्या कारणासाठी आहे : त्याच्या सर्वांत वरच्या, स्वस्त सज्जात बसणारा सामान्य रसिक चुकलेल्या सुराला क्षमा करीत नाही, अशी त्याची दहशत नामांकित गायकांनाही वाटत आली. नदीपलीकडच्या कष्टकरी वस्तीने ऑगस्ट १९२२ मध्ये रस्त्यांवर अडथळे रचून फॅसिस्ट टोळ्यांना परतवून लावले, तेही याच नगरात. राजदरबाराची सवय आणि रस्त्यावरच्या माणसाचा ताठा या दोन्ही गोष्टी पार्माच्या रक्तात आहेत आणि दोन्ही त्याच्या फुटबॉलमध्ये उतरल्या.

संघाची स्थापना जुलै १९१३ मध्ये झाली, ती संगीतरचनाकार जुझेप्पे व्हेर्दी यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. व्हेर्दी याच प्रांतातील रोंकोले गावचे सुपुत्र, म्हणून संघालाही त्यांचेच नाव देण्यात आले; परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते बदलून नगराचे नाव धारण करण्यात आले. पांढऱ्या सदऱ्यावर काळा क्रूस ही खूण तेव्हापासूनची आणि ‘क्रूसधारी’ हे टोपणनाव त्यावरूनच पडले. पिवळा आणि निळा हे नगराचे जुने रंगही संघाने आपले मानले. संघाचे अध्यक्ष, वकील एन्नियो तार्दीनी यांनी नगरासाठी योग्य मैदान बांधण्याचा ध्यास घेतला. १९२३ साली ते पुरे होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले आणि मैदानाला त्यांचे नाव मिळाले. आज ते भर वस्तीत, घरांच्या रांगांमध्ये उभे आहे व सामन्याच्या दिवशी माणसे पायी चालत तिथे जातात.

पुढील सहा-सात दशकांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीतील ये-जा हेच त्यांचे स्वरूप होते. साठच्या दशकाच्या अखेरीस संघाचे पहिले दिवाळे निघाले आणि नगरातीलच दुसऱ्या एका मंडळाने त्याचा वारसा व नाव चालविले. १९७९ साली त्रिएस्तेच्या संघाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात कार्लो आन्चेलोत्ती नावाच्या विशीच्या तरुणाने दोन गोल करून पार्माला दुसऱ्या श्रेणीत नेले. शेजारच्या रेज्जो एमिलिया प्रांतात, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा मुलगा पुढे जगातील अत्यंत यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक व्हावयाचा होता. परंतु या काळात खेळाडू घडवावेत आणि ते मोठ्या संघांना विकून खर्च भागवावा, याहून वेगळा मार्ग पार्मासारख्या संघापाशी नव्हता.

पहिला बदल विचारांच्या रूपाने आला, पैसा मागाहून आला. ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. १९८५ मध्ये आर्रिगो साक्की यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. स्वतः नामांकित खेळाडू नसलेल्या आणि एके काळी पादत्राणांच्या विक्रीचा व्यवसाय केलेल्या या गृहस्थाने इटलीत रूढ असलेली माणसामागे माणूस लावण्याची बचावपद्धती बाजूस सारली आणि संपूर्ण संघाने एकत्र पुढे सरकून प्रतिपक्षाचा श्वास कोंडण्याची रीत शिकविली. १९८६ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत परतला आणि पुढच्याच मोसमात त्याने इटालियन चषकात मिलानला दोनदा १-० असे हरविले. मिलानचे मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी मग साक्कींनाच आपल्याकडे बोलावून घेतले. प्रांताने घडवावे आणि महानगराने न्यावे, या नियमाला प्रशिक्षकही अपवाद नव्हता.

१९८९ मध्ये आलेल्या नेव्हियो स्काला यांनी ती घडी पुन्हा बसविली. मोसमाच्या मध्यावर, फेब्रुवारी १९९० मध्ये, अनेक वर्षे संघाचा भार वाहणारे अध्यक्ष एर्नेस्तो चेरेझीनी यांचे निधन झाले. पण २७ मे १९९० रोजी तार्दीनी मैदानावर, पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रतिस्पर्धी असलेल्या रेज्जानावर २-० अशी मात करून पार्माने इतिहासात प्रथमच पहिल्या श्रेणीत, म्हणजे सेरी आ मध्ये, प्रवेश मिळविला. पहिल्या सामन्यात युव्हेंतुसकडून हार पत्करावी लागली, तरी लवकरच मारादोनाच्या नापोलीला, म्हणजे तत्कालीन विजेत्यांना, १-० असे नमवून या नवागताने आपले नाणे खणखणीत वाजवून दाखविले आणि मोसमाअखेर सहावे स्थान पटकावून युरोपीय स्पर्धेची पात्रताही मिळविली.

याच सुमारास राजाश्रयाचा अध्याय सुरू होतो. पार्मानजीकच्या कोल्लेक्यो गावात कालिस्तो तांझी यांनी १९६१ साली दुग्धव्यवसाय उभारला होता. दीर्घकाळ टिकणारे दूध कागदी खोक्यांतून विकण्याची युक्ती त्यांनी इटलीत सर्वांआधी मोठ्या प्रमाणावर अवलंबिली आणि त्या दुधाच्या जोरावर पार्मालात ही कंपनी खंडाखंडांत पसरली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात संघाच्या सदऱ्यावर या कंपनीचे नाव झळकू लागले आणि चेरेझीनींच्या निधनानंतर संघाची मालकीच तिच्याकडे आली. ब्राझीलचा गोलरक्षक ताफारेल, बेल्जियमचा ग्रुन, स्वीडनचा तोमास ब्रोलिन हे खेळाडू एकाच उन्हाळ्यात आले. मागाहून कोलंबियाचा आस्प्रिया आणि सार्डिनियाचा जानफ्रांको झोला यांची भर पडली.

पुढील वर्षांचा नुसता जमाखर्च मांडला तरी डोळे दिपतात. १९९२ मध्ये युव्हेंतुसला हरवून इटालियन चषक. १२ मे १९९३ रोजी वेम्ब्लीवर बेल्जियमच्या आन्टवर्पचा ३-१ असा पराभव करून युरोपीय चषकविजेत्यांचा चषक. त्यानंतर मिलानला मागे टाकून युरोपीय महाचषक. आणि १९९५ मध्ये दोन टप्प्यांच्या अंतिम लढतीत पुन्हा युव्हेंतुसला नमवून युएफा चषक, ज्यात पार्माचे दोन्ही गोल दीनो बाज्जोने केले. सलग ५८ साखळी सामने अपराजित राहिलेल्या मिलानची ती मालिका मार्च १९९३ मध्ये त्याच्याच मैदानावर आस्प्रियाच्या एका फ्री किकने संपुष्टात आणली. स्कालांच्या संघाचे सौंदर्य असे की त्याचा कणा मिनोत्ती, आपोल्लोनी, ओझियो, मेल्ली यांसारख्या दुसऱ्या श्रेणीपासून सोबत असलेल्या खेळाडूंचा होता आणि परदेशी पाहुणे त्या कण्यावर चढविलेले अलंकार होते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अलंकारच अधिक झाले. तरीही त्या काळाचे श्रेय नाकारता येणार नाही. १९ नोव्हेंबर १९९५ रोजी सतरा वर्षांच्या बुफोनने मिलानविरुद्ध पदार्पण केले आणि आपल्या गोलजाळ्यात चेंडू जाऊ दिला नाही. आन्चेलोत्ती प्रशिक्षक म्हणून परतले व १९९६-९७ च्या मोसमात पार्मा अजिंक्यपदापासून अवघ्या दोन गुणांनी दूर राहिला. युव्हेंतुसचे ६५ गुण, पार्माचे ६३. आल्बेर्तो मालेझानी यांच्या मार्गदर्शनाखाली १२ मे १९९९ रोजी मॉस्कोत फ्रान्सच्या मार्सेयला ३-० असे नमविणाऱ्या संघात बुफोन, त्युराम, कान्नाव्हारो, व्हेरोन, क्रेस्पो आणि किएझा असे खेळाडू होते. परंतु त्यानंतर दोनच वर्षांत क्रेस्पो लाझिओकडे, बुफोन आणि त्युराम युव्हेंतुसकडे गेले. बुफोनसाठी मोजलेली रक्कम गोलरक्षकाच्या बाबतीत २०१८ पर्यंत जागतिक उच्चांक होती. युव्हेंतुसवरच मात करून २००२ मध्ये मिळविलेला इटालियन चषक हा त्या वैभवकाळाचा शेवटचा मानाचा चषक ठरला.

डिसेंबर २००३ मध्ये पार्मालातच्या हिशेबांतील खोटेपणा उघडकीस आला. केमन बेटांवरील एका उपकंपनीच्या खाती सुमारे ३९५ कोटी युरो जमा असल्याचा जो दाखला दप्तरी होता, तो संबंधित बँकेने बनावट ठरविला. पुढे तपासात सुमारे १४०० कोटी युरोंची तूट निघाली आणि कंपनीच्या कर्जरोख्यांत पुंजी गुंतविलेल्या एक लाखाहून अधिक सामान्य कुटुंबांची कमाई बुडाली. तांझी यांना अटक झाली व पुढे दीर्घ कारावासाची शिक्षाही ठोठावण्यात आली. ज्या पैशाने चषक आले त्यातला किती खरा आणि किती कागदावरचा होता, हा प्रश्न तेव्हापासून पार्माच्या चाहत्याला छळतो आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मैदानावरचे विजय खेळाडूंनी घाम गाळून मिळविले, हे जितके खरे, तितकेच त्यांचा खर्च अखेर दुसऱ्याच कोणाच्या बचतीतून भागला, हेही खरे आहे.

संघ सरकारी व्यवस्थापकांच्या ताब्यात गेला, नव्या नावाने उभा राहिला आणि वैभवाच्या वर्षांत मागे पडलेला पांढऱ्या सदऱ्यावरचा काळा क्रूस पुन्हा मुख्य वेश म्हणून परत आला. २००७ मध्ये नवा धनी मिळाला. २०१३-१४ च्या मोसमात सहावे स्थान मिळूनही कराच्या थकबाकीपायी युरोपीय स्पर्धेचा परवाना नाकारण्यात आला, तेव्हा आतल्या पोकळपणाची पहिली चाहूल लागली. त्यानंतर काही महिन्यांत संघ दोनदा नाममात्र किमतीला विकला गेला. शेवटच्या धन्याला मार्च २०१५ मध्ये अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने संघ दिवाळखोर जाहीर केला. देणे सुमारे २१ कोटी ८० लाख युरोंचे होते. इतर संघांनी मंजूर केलेल्या ५० लाख युरोंच्या साह्यावर मोसम कसाबसा पुरा झाला. याच दिवसांत, ११ एप्रिल रोजी, तळाशी पडलेल्या आणि वेतनाला पारखे झालेल्या या खेळाडूंनी अजिंक्यपदाकडे वाटचाल करणाऱ्या युव्हेंतुसला १-० असे हरविले. त्या विजयाने गुणतक्त्यात काही बदलले नाही. पण प्रशिक्षक रोबेर्तो दोनादोनी आणि त्यांचे खेळाडू यांनी त्या दिवशी नगराची मान ताठ ठेवली.

उन्हाळ्यात कोणीही खरीददार पुढे आला नाही, आणि इथून लोकाश्रयाचा अध्याय सुरू होतो. शेवया-पास्ता बनविणारे बारिल्ला, शर्यतीच्या मोटारी घडविणारे दाल्लारा, बांधकाम व्यवसायातील पित्सारोत्ती अशा सात स्थानिक उद्योजकांनी एकत्र येऊन नवे मंडळ स्थापिले, त्याच्या नावात १९१३ हे वर्ष गोविले आणि सामान्य नागरिकांसाठी भागभांडवलाचा काही वाटा राखून ठेवला. नेव्हियो स्काला अध्यक्ष म्हणून आणि त्यांचा जुना बचावपटू लुइजी आपोल्लोनी प्रशिक्षक म्हणून परतले. खेळायचे होते ते चौथ्या श्रेणीत, हौशी खेळाडूंच्या संघांशी. तरी संपूर्ण मोसमाची तिकिटे आगाऊ घेणाऱ्यांची संख्या नऊ हजारांवर गेली. एकेकाळी युरोपातील नामांकित संघांचे स्वागत केलेल्या त्या मैदानावर आता लहान गावांचे संघ येऊ लागले आणि प्रेक्षक त्याच जागी, त्याच रंगांत येऊन बसले.

पहिल्या मोसमात ३८ सामन्यांपैकी २८ जिंकून व १० बरोबरीत सोडवून संघ अपराजित राहिला. जून २०१७ मध्ये फ्लोरेन्सला आलेस्सांद्रियाविरुद्ध २-० असा विजय मिळवून त्याने दुसरी श्रेणी गाठली. १८ मे २०१८ रोजी ला स्पेझिया येथील अखेरचा सामना २-० असा जिंकल्यावरही पहिल्या श्रेणीतील प्रवेश दुसरीकडच्या निकालावर अवलंबून होता; तिकडे फ्रोझिनोनेविरुद्ध फोज्जाने ८९ व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि चौथ्या श्रेणीतून सलग तीन बढत्या मिळवून पहिली श्रेणी गाठणारा पार्मा हा इटलीतील पहिला संघ ठरला. त्या सामन्याआधी एका खेळाडूने प्रतिस्पर्ध्यांना पाठविलेल्या संदेशांवरून झालेली पाच गुणांची कपात अपिलात रद्द झाली, हीही या प्रकरणातील नोंद आहे. २०२० मध्ये मालकी एका अमेरिकन उद्योजक घराण्याकडे गेली, २०२१ मध्ये संघ पुन्हा खाली घसरला, बुफोन निवृत्तीपूर्वीची दोन वर्षे खेळण्यासाठी घरी परतला आणि २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळवून पार्मा पुन्हा वर आला; मे २०२५ मध्ये मोसमाच्या अखेरच्या दिवशी बेर्गामोत अटालांटाला ३-२ असे हरवून त्याने आपली जागा राखली.

या इतिहासावर दोन मते ऐकू येतात. एक मत असे की पार्माचे वैभव हा उसन्या पैशाचा भ्रम होता, तो विसरलेलाच बरा. दुसरे मत असे की धनिकावाचून लहान नगराला चषक मिळणेच अशक्य, म्हणून नैतिकतेची चर्चा व्यर्थ. पहिले मत साक्की आणि स्काला यांचे काम पुसून टाकते. तांझींची थैली मोकळी होण्यापूर्वीच तो संघ मिलानला हरवू लागला होता, हे त्याला दिसत नाही. दुसऱ्या मताला अटालांटाचे उत्तर आहे : स्वतःच्या प्रबोधिनीतून खेळाडू घडवीत आणि गावच्याच माणसाच्या सावध कारभाराखाली वाढत त्या संघाने २०२४ मध्ये युरोपा लीग जिंकून दाखविली. उलट व्हेरोनाच्या उपनगरातील चिएव्होसारखा गुणी संघ २०२१ मध्ये करांच्या थकबाकीपायी व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर फेकला गेला, कारण त्याच्यामागे धनी होता, पण मोठा लोकसमुदाय नव्हता.

माझा निर्णय असा आहे की राजाश्रयाने पार्माला चषक दिले, परंतु तो जगला तो लोकाश्रयावर. आणि ज्या नगराला दोन्ही हवे असतील त्याने आपल्या धन्याचे जमाखर्च विजयाच्या काळातच तपासून पाहावेत, कारण पराभवाच्या काळात ते तपासून उपयोग नसतो. राजनाट्यगृहाच्या वरच्या सज्जातील रसिक ज्या कठोरपणे चुकलेला सूर टिपतो, त्याच कठोरपणाची गरज संघाच्या हिशेबवह्यांनाही होती.

बचावपटू आलेस्सांद्रो लुकारेल्ली हा दिवाळखोरीच्या मोसमात पार्माचा कर्णधार होता. संघ बुडाला तेव्हा त्याचे वय ३७ होते आणि अन्यत्र जाण्याची मोकळीकही होती. तरी तो चौथ्या श्रेणीत उतरला, एकेक पायरी चढत संघासोबत पहिल्या श्रेणीच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि चाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. पार्माने जे दोन क्रमांक यापुढे कोणाही खेळाडूला द्यायचे नाहीत असे ठरविले आहे, त्यांत चषक जिंकून देणाऱ्या नामवंतांपैकी कोणाचाही क्रमांक नाही. सहावा लुकारेल्लीचा आहे आणि बारावा प्रेक्षकांचा.